राबाची माती

धाकटी जाऊ ढिगात कमरेपर्यंत गेली तेव्हा कसलाच आवाज झाला नाही. जुन्या जाळ्याचं एक टोक तिच्या हातात होतं, दुसरं माझ्या. ती ढिगावर, मी खाली. डोळ्याची पापणी लवली आणि ती अर्धीच उरली. गार पाण्यात उतरलेली बाई काठावरच्या बाईकडे बघते तसं तिने माझ्याकडे बघितलं.

"बाय, पाय भाजतोय," ती म्हणाली.

ओरडली नंतर. पहिल्यांदा साधं सांगितलं, भात लागलाय असं सांगावं तसं.

तिच्या कमरेभोवती माती आत ढासळत होती आणि भोकातून पांढरा धूर वर येत होता. त्या धुराला गोडसर वास होता. मला त्याच क्षणी सगळं कळलं. आत आग होती. आग तिथे कोणी राखली तेही कळलं. मीच.

हा ढीग आमच्या शेडच्या मागे असतो. डहाणूतला सुका कचरा घंटागाडीने आमच्याकडे येतो आणि आम्ही आठ बायका तो निवडतो. बाटल्या, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या भंगारवाला नेतो. वेफरची, गुटख्याची, शांपूची चमकती पाकिटं मात्र तो हातात धरत नाही. ती एक कंपनी नेते आणि लांब कुठेतरी सिमेंटच्या भट्टीत दगडी कोळशाच्या जोडीला जाळते. पालिकेचा आणि तिचा तसा करार आहे. अट एकच, माल कोरडा पाहिजे. ओला गठ्ठा निघाला की ट्रक तसाच मागे येतो. लोक डाळ, आमटी, मच्छीचं पाणी सगळं त्याच पिशवीत टाकतात, म्हणून आम्ही पाकिटं मागे पसरून वाळवतो आणि वाळली की ढीग करतो. पुढे ती मशीनमध्ये दाबून गठ्ठे होतात.

फाल्गुनात एका सकाळी ढिगाच्या कोपऱ्यातून धूर दिसला. बिडी पडली असेल, नाहीतर ओलं आत राहून तापलं असेल. मुकादम पाण्याचा पाइप घेऊन धावला.

मी म्हटलं, "पाणी नको. माल भिजेल, ट्रक परत येईल. माती टाका."

"मातीने विझेल?"

"आम्ही पाड्यावर तेच करतो."

माझं माहेर तलासरीच्या पुढे डोंगराला. तिथे भाताचं रोप टाकायच्या आधी राब भाजतात. शेण, पालापाचोळा, झाडाच्या फांद्या, गवत असं थरावर थर रचायचं, वर माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं. आग पळत नाही. बसल्या जागी हळू हळू जळते, खालची जमीन भाजून काढते. मी चौथी शिकले, पण राब भाजायला पहिलीच्याही आधी शिकले. शेडातल्या बाकीच्या बायकाही, एक किनाऱ्यावरची सोडली तर, कुठल्या ना कुठल्या पाड्यावरच्याच. माती म्हटल्यावर एकीनेही विचारलं नाही. पाट्या भरल्या, टाकल्या. सगळ्यांत जास्त पाट्या जाऊने टाकल्या असतील. धूर गेला. मुकादम म्हणाला, "मावशी, तुम्हाला पालिकेने बंबावर ठेवायला पाहिजे." सगळ्या हसल्या. मीही हसले.

राबावर माती विझवायला टाकत नाहीत. आग आत टिकावी म्हणून टाकतात. हे मला ठाऊक होतं. पण आग दिसली की हात मातीकडे जातो, आणि हातामागे डोकं गेलं नाही.

पुढचे दोन दिवस ढीग उबदार होता. सकाळी समुद्रावरून धुकं यायचं, शेजारच्या वाडीतली चिकूची झाडं अर्धी बुडायची, आणि ढीग त्यात उंचवट्यासारखा दिसायचा, ओल्या मातीने माखलेला, अधूनमधून एखादं चांदीचं पाकीट चमकत असलेला. शेडातली पिवळी कुत्री त्याच्यावर जाऊन निजायला लागली. चहाच्या वेळी आम्ही त्याच्या कडेला टेकून बसायचो. पाठीला बरं वाटायचं. मला माहेरचा डोंगर दिसायचा, उतारावर जागोजाग राब, प्रत्येकातून एकेक बारीक धुराची काडी, आणि माझी आई हातात काठी घेऊन फिरतेय. काठी कशाला, हे मला आठवत नव्हतं. झोप यायची. जाऊ खांद्यावर डोकं टाकायची आणि मी तिला ढकलायची, "घरी झोप ना गं."

तिसऱ्या दिवशी कुत्री ढिगावरून उठून गेटपाशी जाऊन बसली. मी बघितलं. का उठली ते माझ्या मनात आलं नाही.

त्याच दिवशी कंपनीची मॅडम आली. तरुण पोरगी, पायात बूट, हातात टॅब. ट्रक किती लांब जातो, मशीनला वीज किती लागते, असं सगळं विचारत होती. मुकादम म्हणाला, ही कार्बन मोजते.

मी विचारलं, "म्हणजे धूर?"

"धूरच, पण न दिसणारा, आजी. तुमच्या गठ्ठ्यांमुळे भट्टीत कोळसा कमी जळतो. तेवढा तुमच्या शहराच्या नावावरून कमी होतो."

"आणि आम्ही राब भाजतो, तो?"

"तो शेतीत. तो मी नाही मोजत."

"चला, आमचा सुटला."

ती हसली. मग ढिगाकडे बघून म्हणाली, "इथे आग लागली होती म्हणे?"

"विझली," मी म्हटलं. मीच म्हटलं. तिने टॅबवर बोट लावलं आणि पुढे गेली.

दुपारी वारा सुटला. मातीतून निसटलेली पाकिटं उडाली आणि वाडीत गेली. आधी एकदोन, मग थवेच्या थवे. निळी, लाल, सोनेरी. चिकूच्या काळ्या हिरव्या पानांत अडकून फडफडायला लागली. बघायला वाईट नव्हतं. वाडीचा गुजराती शेठ कुंपणाशी आला.

"अरे मावशी, आ शुं छे? माझ्या झाडाला चिकू लागायचे तर वेफर लागले!"

"तोडून विका, शेठ. बारमाही पीक आहे," जाऊ म्हणाली.

"हां, हसो, हसो!"

पण तो वर तक्रार करणार हे दिसत होतं, आणि मॅडम अजून आत बसलेली. आमच्यातली ती किनाऱ्यावरची बाई धाकटी डहाणू या मच्छीमारांच्या गावची आहे. तिने घरून मच्छीमारीचं फाटकं जाळं आणून ठेवलं होतं. ते ढिगावर पसरायचं ठरलं. वर चढायला हलकी बाई पाहिजे, म्हणून जाऊ चढली. राब भाजल्यावर दोनतीन दिवस कोणी त्यावर पाय ठेवत नाही. आधी काठी खुपसून बघतात. आईच्या हातातली काठी त्यासाठी होती. ते मला आठवलं, पण जाऊ आत गेल्यावर.

जाळं तिच्या काखेत अडकलं म्हणून ती तेवढ्यावर थांबली. मी वर चढायला निघाले तर धाकट्या डहाणूची ओरडली, "उभी नको राहू! चिखलात सरपटतात तशी जा, पोटावर!" खाडीच्या गाळात माणूस रुतलं की ते असंच करतात. मी पोटावर पडले आणि सरकले. मातीचा चटका लुगड्यातून लागत होता. बाकीच्यांनी खाली जाळं धरलं. जाळं नायलॉनचं. जाऊच्या बाजूचे फास एकेक करून वितळत होते. दिव्यात केस धरला की आखडतो तसे आखडायचे आणि सुटायचे.

मी तिचे दोन्ही दंड धरले. तोंडात धूर गेला. मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. सगळं लांब गेलं. वर रंगीत पाकिटं उडत होती, फार सावकाश. मी डोंगरावर होते, राबाच्या वासात, आणि आई म्हणत होती, त्यावर जाऊ नको, आत लाल आहे. मला पडून राहावंसं वाटत होतं. पाठीवर ऊन, पोटाखाली ऊब. हात सुटला असता तर मला कळलंही नसतं.

जाऊने माझ्या मनगटाला दात लावले. रक्त आलं. "ओढ की गं, म्हातारे!" ती ओरडली.

मी ओढलं. खालून सगळ्यांनी ओढलं, मुकादम ओढत होता, शेठ कुंपणावरून येऊन ओढत होता. जाळ्यासकट आम्ही दोघी खाली आलो. मागे भोकातून ज्वाळा आली, माणसाच्या उंचीची. ढीग आतून पूर्ण पोकळ झाला होता. मॅडमने स्वतःच्या गाडीत जाऊला घातलं आणि दवाखान्यात नेलं. बंब आला. ढीग संध्याकाळपर्यंत जळला.

जाऊ दीड महिना दवाखान्यात होती. डाव्या पायाची दोन बोटं गेली. पहिल्या आठवड्यात डॉक्टर काही नक्की सांगत नव्हते. मी रोज जायचे आणि सांगायचं राहून जायचं. एक दिवस सांगितलं.

"माती मी टाकायला लावली. मला माहीत होतं त्याने आग आत राहते."

"मला पण माहीत होतं," ती म्हणाली. "मी काय शहरात जन्मले? पाट्या कोणी टाकल्या?" मग म्हणाली, "मनगट दाखव." बघितलं आणि म्हणाली, "बरं झालंय. पुढच्या वेळी जोरात चावेन."

मॅडम पुन्हा आली तेव्हा मी तिलाही सगळं सांगितलं. माती, राब, काठी, आणि तिला विझली म्हणून सांगितलं ते. तिने खाली बसून लिहून घेतलं. म्हणाली, ते तीन दिवस मातीखाली जे जळत होतं ते माझ्या कागदात कुठेच नाही. मी म्हटलं, मग घाल. घातलं की नाही ते मला माहीत नाही.

आता ढीग कमरेच्या वर जाऊ देत नाहीत. शेडाच्या दारात एक लोखंडी सळई उभी असते. ढिगाजवळ जायच्या आधी ती खुपसायची, बाहेर काढायची आणि टोकाला हात लावायचा. ते काम माझं आहे. जाऊ आता बसून निवडते, दुधाच्या पिशव्या तिच्याकडे. कुत्री तिच्या पायाशी निजते.

त्या दिवशी ढिगावर आम्ही दोघी होतो, धाकटी जाऊ आणि मी. दोघी जिवंत आहोत.