दत्तात्रेयच्या कार्डाचं विसर्जन

रोह्याच्या केमिकल कंपनीत दत्तात्रेय पाटलाचं काम एकच: आठ तास तापमानाच्या काट्याकडे बघायचं आणि तो ऐंशीच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. अकरा वर्षं त्याने तो जाऊ दिला नाही. इतकी वर्षं दुसऱ्याचा काटा आवरला की माणूस कुठेतरी बिघडतोच. हा घरी बिघडायचा. कुकरच्या शिट्टीवर वजन वाढवलं, तेव्हा डाळ छताला लागली. लुना सत्तरने पळवायला गेला, तेव्हा ती कोलाडच्या रस्त्यावर कायमची बसली. "कंपनीवाले भ्यून कमी लिवतात. वस्तूत दम जास्त असतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

नव्व्याण्णव साली त्याने कॉम्प्युटरला चित्रं भराभर हलवणारं ग्राफिक्स कार्ड बसवलं. कार्डाचा वेग वाढवायला पडद्यावर एक पट्टी होती, पण ती ठरावीक आकड्याला अडायची. दत्तात्रेयला तो आपला अपमान वाटला. पनवेलच्या मित्राकडून फ्लॉपीवर एक प्रोग्रॅम आणून त्याने अडसर काढला आणि पट्टी सरकवतच गेला. घरी कार्ड तापलं, पण चाललं. मग त्याला कोण आवरणार!

त्याची बायको चंद्रावती पेणची. वडील मोतीराम यांच्या कारखान्यात गणपतींचे डोळे तीच आखायची. गणपती गेले की तिथल्या आठ बायकांना मिठागरावर मीठ ओढायला जावं लागे. त्या वर्षी मुंबईचे हैबतशेठ परदेशी पाठवायला दोनशे मूर्ती घेणार होते. ते काम मिळालं तर उन्हाळाभर बायकांचे पाय मिठात भेगाळणार नव्हते. चंद्रावतीचा सगळा जीव त्यात अडकला होता.

दत्तात्रेय म्हणाला, "शेठला गणपती पडद्यावर गरागरा फिरवून दावतो." सुट्टीच्या दिवशी बसून त्याने सासऱ्यांच्या मूर्तीचं हुबेहूब चित्र कॉम्प्युटरवर तयार केलंही होतं. नेहमीच्या वेगाला ते अडखळत फिरे, वाढवलेल्या वेगाला सुरेख.

ठरल्या दिवशी त्याने कॉम्प्युटर पेणला कारखान्यातच मांडला. कार्ड तापू नये म्हणून डब्याचं झाकण काढलं आणि मूर्ती वाळवायचा मोठा पंखा थेट त्यावर सोडला. शेजारी बायका पॉलिश पेपरने मूर्ती घासत होत्या. चंद्रावती म्हणाली, "अवं, धूळ जाते हाय आत."

"वारा लागतोय ना? मंग झालं."

शेठ आले. गणपती फिरला, अर्धा. मग सोंडेवर हिरवे ठिपके उमटले, एक डोळा कानापाशी गेला, हात तुटून पडद्याच्या कोपऱ्यात तरंगू लागले आणि सगळं काळं झालं. कार्डावर पांढऱ्या धुळीचा थर भाकरीएवढा जाड बसला होता.

शेठ चपला शोधू लागले. तेवढ्यात चंद्रावतीने खरी मूर्ती पाटासकट ओढली आणि पाट हाताने हळूहळू फिरवला. "बघा शेठ, सगळ्या बाजूंनी." शेठ मूर्तीच्या डोळ्यांकडे बघत राहिले. मग चपला शोधायचं सोडून खाली बसले आणि दोनशेचं नक्की करून गेले. चंद्रावती ढसाढसा रडली.

दत्तात्रेय कार्ड पुसत होता. अजून वॉरंटी होती, पण वेग वाढवलेल्या कार्डाला ती लागू नव्हती. पट्टी जागेवरून हलवलीच नाही असं दुकानदाराला सांगून नवं आणायचा बेत त्याने चंद्रावतीला हळूच सांगितला. पण मोतीरामांनी कार्ड हातातून काढून घेतलं.

"जावईबापू, ह्याच्यात देव भंगला. खंडित मूर्ती घरात ठेवत नाय."

"बाबा, मूर्ती नाय, पत्रा हाय तो!"

"हात तुटलेले समद्यांनी बघितले."

पेणमध्ये या कायद्याला अपील नाही. नारळ आला, खोबरं आलं. भोगावती नदीत गुडघाभर पाण्यात उभं राहून दत्तात्रेयने स्वतःच्या हाताने कार्ड सोडलं. ते गटकन बुडालं.

काठावर खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवत चंद्रावती म्हणाली, "चला, दुकानदाराशी खोटं बोलायचं तरी वाचलं."