नेकारसुल्मचा आठवा माणूस

नात जर्मनीत आखनला शिकायला गेली आणि पहिल्याच आठवड्यात तिनं फोनवर विचारलं, शनिवार-रविवारी कुठे जाऊ? मी म्हटलं, नेकारसुल्मला जा, येताना फ्रँकफर्ट कर. ती हसली. तिच्या मते नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्याखेरीज बघण्यासारखं काही नाही. पोरीचं चूक नाही. पण मी स्वतः आखनला शिकत होतो तेव्हा, एकसष्टच्या ऑक्टोबरात, तिथे एकदाच गेलो आणि आयुष्यात एवढं शरमिंदं व्हायला दुसरीकडे कुठे जावं लागलं नाही. तो प्रवास इथे लिहितो. कुणाला जायचं असेल तर वाटेची माहितीही मिळेल, मात्र गाड्यांच्या वेळा माझ्या भरवशावर धरू नका.

मी सांगलीचा. आखनच्या तांत्रिक विद्यापीठात यंत्रांचं शिक्षण घेत होतो. तिथल्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारायला एक साठीचे गृहस्थ बसत, हेर ओंद्राचेक. (तिकडे हेर म्हणजे श्रीयुत.) उंच, वाकलेले, कोट जुना पण इस्त्रीचा. उजव्या हाताची दोन बोटं वळत नसत, त्यामुळे शिक्का डाव्या हातानं मारायचे आणि तो नेहमी सरळ पडायचा. ते माझ्याच घरात वरच्या मजल्यावर राहतात हे कळलं आणि आमच्या रविवारच्या कॉफ्या सुरू झाल्या. कोण, कुठले, घरी कोण असतं, हे मी पहिल्याच कॉफीला विचारलं. आपल्याकडे त्याशिवाय ओळख झाली असं वाटतच नाही. त्यांनी उत्तर द्यायला सहा महिने घेतले.

हा माणूस लढाईच्या आधी प्रागच्या संसदेत निवडून आलेला होता! नाझींनी त्यांचा देश गिळल्यावर ते भूमिगत झाले. पत्रकं छापली, माणसं सीमेपार काढली, पकडले गेले आणि लढाई संपेपर्यंत जर्मन तुरुंगात राहिले. बोटं तिथलीच. सुटून घरी गेले तर तीन वर्षांत कम्युनिस्टांची सत्ता आली आणि नव्या राज्यकर्त्यांनाही ते नकोसे झाले. मग जंगलातून चालत सीमा ओलांडली, ती ज्या देशानं कोंडलं होतं त्याच देशात शिरायला. याचा त्रास होत नाही का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, ज्या भाषेत मला शिव्या दिल्या, त्याच भाषेत आता मी लोकांना पुस्तकं वेळेवर परत करा म्हणतो, बरं चाललंय.

त्या ऑक्टोबरात त्यांच्यावर बालंट आलं. देश सोडून आलेल्या चेक मंडळींची फ्रँकफर्टला एक समिती होती आणि हे तिच्यात होते. तिथे कुणीतरी आरोप केला की तुरुंगात ओंद्राचेक फुटले, कारण त्यांच्या अटकेनंतर त्यांच्या जाळ्यातले सातही जण एकामागून एक पकडले गेले. ते सात जण परत आले नाहीत, त्यामुळे खरं-खोटं सांगायला कुणी उरलं नव्हतं. रविवारच्या बैठकीत निकाल होणार होता. ओंद्राचेकांकडे घर नव्हतं, देश नव्हता, बायको लढाईत गेलेली. नाव तेवढं उरलं होतं, आणि आता तेही जायची वेळ आली होती.

पण जाळ्यात एक आठवा माणूस होता. तो ओंद्राचेकांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हता. तो कधीच पकडला गेला नाही आणि आता वेगळ्या नावानं नेकारसुल्मच्या कारखान्यात फिटर होता. ओंद्राचेक बोलले असते तर आधी तोच गेला असता. त्याचं हे निवेदन लिहून, त्यावर खऱ्या नावाची सही घेऊन, कागद समितीच्या अध्यक्षांना एकट्यालाच दाखवायचा असं ठरलं. मला सोबत घेतलं ते टाइप करायला. माझ्याकडे टंकलेखन यंत्र होतं, जर्मन बरं होतं आणि मुख्य म्हणजे मी चेक मंडळींपैकी कुणालाही ओळखत नव्हतो. "तुमच्याकडून कुठे काही जाणार नाही," ते म्हणाले. मला फार मोठेपणा वाटला.

शनिवारी सकाळी निघालो. रविवारचं सवलतीचं परतीचं तिकीट काढलं होतं. खिडकीवरच्या बाईनं टंकलेखन यंत्राचं वजन करायला लावलं नाही, हे विशेष. कोलोनला गाडी बदलायची होती. तिथे बटाटा किसून तळलेली गरम धिरडी मिळतात, वर सफरचंदाचा मुरंबा. शाकाहारी माणसानं डोळे मिटून खावीत. पुढच्या गाडीत डावीकडची खिडकी धरा, कारण ऱ्हाईन नदी त्या बाजूनं तास-दीड तास सोबत करते. उतारावर द्राक्षाचे मळे, माथ्यावर पडके किल्ले. मी सारखा "ते बघा, ते बघा" करत होतो. ओंद्राचेक मात्र प्रत्येक स्टेशनात कोण चढलं, कोण उतरलं ते बघत होते. सवय, असं ते म्हणाले आणि स्वतःशीच हसले.

फ्रँकफर्टला पुन्हा गाडी बदलली. हायडेलबर्गपासून नेकार नदीची दरी सुरू होते. ती ऱ्हाईनपेक्षा लहान आणि मला विचाराल तर जास्त गोड. नेकारसुल्मला उतरलो तेव्हा दुपार कलली होती. कारखान्याचा भोंगा झाला आणि शेकडो सायकली एकदम बाहेर पडल्या. त्यांतल्याच एका सायकलवरून आठवा माणूस आला. पन्नाशीचा, बुटका, हाताला ग्रीसचा वास. आम्ही आखनहून प्रिंटेन नेले होते. ती मसाल्याची बिस्किटं दाताला चांगलंच काम देतात. त्यानं ती कॉफीत बुडवली आणि म्हणाला, भेट आणलीत की हत्यार?

त्याच्या स्वयंपाकघरात आम्ही बसलो. नवी, अर्धवट आंबलेली वाइन आली, कांदा घातलेली जाड रोटी आली. मी तिच्यातले डुकराच्या मांसाचे तुकडे बाजूला काढत होतो, ते बघून तो हसून हसून दमला. वातावरण मोकळं झालं. ते दोघं बोलत गेले, मी टाइप करत गेलो. दीड पान झालं. सही तेवढी राहिली होती आणि ओंद्राचेकांनी पेनाचं टोपण काढलं होतं.

आणि मी तोंड उघडलं. मूळ गाव कोणतं तुमचं? वाइन पोटात होती, तो सांगून गेला. घरी कोण कोण? एक बहीण, तिथेच शाळेत शिकवते. तिचं नाव काय? तेही त्यानं सांगितलं. मी कौतुकानं मान डोलावली, खिशातून छोटी वही काढली आणि सगळं लिहून घेतलं. वडिलांना दर आठवड्याला पत्र जायचं माझं, आणि नुसतं "एका गृहस्थांना भेटलो" लिहिलं तर उलट टपाली त्यांचे प्रश्न यायचे की ते कुठले, भावंडं किती, काय करतात. आमच्या घरात माणूस म्हणजे एवढं सगळं मिळून.

मान वर केली तर तो माझ्या वहीकडे बघत होता. काय लिहिताय, असं त्यानं विचारलं. मी निरागसपणे सांगितलं, वडिलांना पत्रात कळवायला. त्यानं हात पुढे केला, वही घेतली, ते पान फाडलं आणि शेगडीत टाकलं. मग यंत्रावरचा कागदही ओढून काढला आणि त्याच्यामागोमाग टाकला.

"माझी बहीण तिथे आहे," तो ओंद्राचेकांना म्हणाला. "उद्या हा कागद कुणाच्या हातात पडेल, सांगता येतं का तुम्हाला?"

फ्रँकफर्टच्या त्या मंडळींत प्रागच्या सरकारचा एखादा कान असणार, हे सगळेच धरून चालत. ओंद्राचेक उठले. पेनाला टोपण लावलं आणि त्याचा हात हातात घेतला. "नाही सांगता येत," ते म्हणाले. "तुझं बरोबर आहे."

स्टेशनावर मी रडलो. चोवीस वर्षांचा घोडा, मांडीवर टंकलेखन यंत्र घेऊन रडत होतो. कुणी पकडलं जाऊ नये म्हणून ज्यांनी कधी कुणाचं नाव-गाव कागदावर लिहिलं नाही अशा माणसांत मी वही काढून बसलो होतो, तीही गावगप्पा लिहायला. ओंद्राचेकांनी मला रुमाल दिला. तुम्ही माणसाला माणसासारखं विचारलंत, ते म्हणाले, आमच्याकडेही पूर्वी तसंच विचारायचे. यापेक्षा त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रविवारी सकाळी फ्रँकफर्टच्या मुख्य स्टेशनाजवळच्या एका खानावळीच्या मागच्या खोलीत बैठक झाली. दहा-बारा माणसं, सगळ्यांचे कोट ओंद्राचेकांसारखेच जुने आणि इस्त्रीचे. मी दाराशी बसलो. बोलणं चेकमध्ये होतं, पण शेजारचे एक म्हातारे मला हळू आवाजात जर्मनमध्ये सांगत होते. आरोप वाचला गेला. अध्यक्षांनी विचारलं, साक्षीदार आहे का? ओंद्राचेक म्हणाले, आहे. कोण? ते म्हणाले, नाव सांगणार नाही. खोलीत कुजबुज झाली, कुणीतरी हसलं.

नाव मला ठाऊक होतं, निवेदनात मीच ते टाइप केलं होतं. गाव, कारखाना, बहीण, सगळं पाठ होतं. पान जळलं म्हणून डोक्यातून थोडंच जातं? मी उभा राहिलो. माझ्यामुळे बुडालेलं माझ्या एका वाक्यानं तरलं असतं. ओंद्राचेक वळले आणि सगळ्यांसमोर मला जर्मनमध्ये म्हणाले, "हेर सोहोनी, खाली बसा." आवाज चढलेला नव्हता, पण मी बसलो.

हात वर झाले. शेजारच्या म्हाताऱ्यांना ते सांगावं लागलं नाही. तीन सोडून सगळे हात त्यांच्या विरुद्ध होते. त्यांनी सगळ्यांना नमस्कारासारखं किंचित वाकून अभिवादन केलं आणि टोपी घेतली.

परतीच्या गाडीत मी न राहवून विचारलं, मला का बोलू दिलं नाही? 

"हेच नाव मला त्या तुरुंगातही विचारलं होतं," ते म्हणाले. "तिथे दिलं नाही. मग स्वतःला वाचवायला आज देऊ?"

त्यांच्यावर आरोप होता नावं दिल्याचा. आणि त्या खोलीत दहा-बारा शहाणी माणसं तो आरोप खोटा ठरताना समोर बघत होती, तरी एकाच्याही लक्षात आलं नाही. मला संताप आला, अजून येतो. ओंद्राचेक सोमवारी वेळेवर ग्रंथालयात गेले आणि शिक्के मारायला लागले. पुढे दोन वर्षं मी तिथे होतो, पण त्या प्रवासाबद्दल त्यांनी मला एकदाही टोचून बोलल्याचं आठवत नाही.

मी सांगलीला परतलो, नोकरी लागली, लग्न झालं. अडुसष्टच्या हिवाळ्यात त्यांचं पत्र आलं, डाव्या हाताच्या वेड्यावाकड्या अक्षरात. त्या उन्हाळ्यात त्यांच्या देशाच्या सीमा थोड्या सैल झाल्या होत्या आणि आठव्या माणसाची बहीण बाहेर पडून भावाकडे आली होती. ती सुखरूप पोचल्याच्या दुसऱ्याच रविवारी तो फ्रँकफर्टला गेला, बैठकीत उभा राहिला आणि स्वतःचं खरं नाव, गाव, सगळं त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. समितीनं ओंद्राचेकांची माफी मागितली. त्याबद्दल पत्रात एकच ओळ होती. बाकी सगळं पत्र त्या बहिणीबद्दल होतं, ती कशी दिसते, किती हसते, आखनला येऊन गेली तेव्हा प्रिंटेन कसे तिनं कॉफीत न बुडवता खाल्ले.

पत्र वाचून मी घरातल्या सगळ्यांना ही हकीकत सांगितली. वडील तेव्हा होते. सगळं ऐकून त्यांनी अपेक्षेप्रमाणे विचारलं, त्या आठव्याचं नाव काय म्हणालास? आता ते सांगायला काहीच हरकत नव्हती, स्वतः त्यानंच ते भर सभेत सांगितलं होतं. पण ते त्यानं सांगितलं होतं. मी वडिलांना म्हटलं, ते मी नाही सांगणार. जन्मात पहिल्यांदा त्यांनी पुढे काही विचारलं नाही.