फ्रीजजवळची चप्पल

मंडळी, आज भांडायचंही त्राण उरलेलं नाही. नुसतं सांगते.

आमच्या फ्रीजजवळ एक रबरी चप्पल कायम ठेवलेली असते. नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हापासून. अनवाणी दार उघडलं की हाताला झिणझिण्या येतात, आणि आपली हवा दमट, त्यामुळे जास्तच. आधी चप्पल, मग फ्रीज. सवयच झाली.

आज पंखा बघायला वायरमन आला. चप्पल दाराबाहेर काढून आत आला, जाताजाता फ्रीजला टेकला आणि दचकून मागे सरला. बोर्ड उघडून म्हणाला, "ताई, अर्थिंगची वायरच ओढलेली नाही हो." तिसरं भोक नुसतं दाखवायला!

बिल्डरच्या ऑफिसात फोन लावला. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, अख्ख्या बिल्डिंगला तसंच आहे. आजवर कोणाची तक्रार नाही."

तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक, असं कसं? पण फोन कधीच ठेवला होता त्याने.

संध्याकाळी लेकीला घेऊन शेजारच्या वहिनींकडे गेले. भाजी निवडता निवडता त्या तिला म्हणाल्या, "फ्रीजात आंबावडी आहे, घे जा."

चार वर्षांची पोर फ्रीजपाशी जाऊन थांबली. "काकू, चप्पल कुठेय?"

मला वाटलं, वहिनी हसतील.

"ती काय गो, टेबलाखाली," म्हणाल्या, आणि भाजी निवडत राहिल्या.

खरं सांगा, तुमच्याकडे कुठे ठेवता?