नाव आठवत नाही ती मुलगी

माझी आत्या कादंबरी वाचत नसे, पोथी वाचत नसे, वर्तमानपत्रही फक्त चाळायची. ती वाचायची ती नटनट्यांची चरित्रं. सिनेमातल्या, नाटकातल्या, मराठी, हिंदी, कुठल्याही. उल्हासनगरच्या बाजारात एक सिंधी रद्दीवाला होता. तिच्यासाठी तो अशी पुस्तकं बाजूला काढून ठेवायचा आणि ती दिसली की लांबूनच म्हणायचा, ‘मॅडम, एक हिरोईन आई है.’ आत्या पुस्तक हातात घेऊन आधी शेवटचं प्रकरण उघडायची. कोण कसं मेलं, कोणाजवळ मेलं, मुलं आली की नाही. शेवट मनासारखा वाईट असेल तर पुस्तक घरी यायचं.

रात्रीच्या जेवणाला मग आम्हाला ते ऐकावं लागे. अमुक एक नायिका, जिच्या दाराशी गाड्यांची रांग लागायची, ती शेवटी मोलकरणीच्या हातचं खाऊन गेली. तमुक नटाला स्वतःचीच वाक्यं आठवेनात. आत्या हे भात कालवता कालवता सांगायची आणि सांगताना तिचा चेहरा उजळायचा. तिच्यासोबतच्या बाया मोठ्या झाल्या होत्या, ती झाली नव्हती. तरुणपणी सात-आठ वर्षं तिने धंदेवाईक नाटकात कामं केली. थोरल्या सुनेची, मैत्रिणीची, निरोप घेऊन येणाऱ्या बाईची. मग अचानक कामं मिळेनाशी झाली आणि ती अंबरनाथ पश्चिमेला, आपल्या धाकट्या भावाकडे, म्हणजे आमच्याकडे राहायला आली. लग्न तिने केलं नाही. आली ती कायमची.

माझी आई चिखलोलीकडची, आगऱ्यांची. तिच्या माहेरी भातशेती होती. आता तिथे बिल्डिंगा झाल्या आहेत. लग्न होऊन आली तेव्हा ती घरची बोली बोलायची. ‘मना ठाव नाय’, ‘जेवाला या’. आत्याचं स्वतःचं घराणं कोकणातलं, शेतकऱ्याचंच, पण नाटक कंपनीत तिने शुद्ध बोलणं कमावलं होतं आणि ते ती दागिन्यासारखं मिरवायची. पाहुणे आले की आत्या आईची नक्कल करायची. आईचा आवाज, आईची मान हलवण्याची लकब, पदर खोचणं, सगळं हुबेहूब. आई आत चहा गाळत असायची आणि बाहेर तिच्याच आवाजात कोणीतरी ‘चाय घेवा’ म्हणायचं. लोक हसून लोटपोट व्हायचे. बाबाही हसायचे. मीसुद्धा लहानपणी हसले असेन, कारण नक्कल खरोखरच उत्तम होती.

आईने हळूहळू बोलणंच कमी केलं. पाहुण्यांसमोर तर ती नुसती मान हलवायची. माहेरचा फोन आला तर गॅलरीत जायची, दार ओढून घ्यायची आणि मग तिचा खरा आवाज काचेपलीकडून पुसट ऐकू यायचा. दुसरीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईच्या हातात मी तोवर कधी पुस्तक पाहिलं नव्हतं.

बाबा गेले. मी लग्न होऊन बदलापूरला गेले. त्या घरात दोघी उरल्या, एकमेकींना न आवडणाऱ्या. मग आत्याची साखर वाढली आणि डोळे गेले. पूर्ण नाही, दारात माणूस उभं आहे एवढं कळायचं, पण अक्षर दिसेना. दर शनिवारी मी जायचे आणि तिला वाचून दाखवायचे. बाकीचे दिवस ती मोबाइलवर जुन्या मुलाखती लावून ऐकायची आणि मध्येच ‘खोटं’, ‘साफ खोटं’ असं म्हणत राहायची.

अशातच त्या मोठ्या अभिनेत्रीचं आत्मचरित्र आलं. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, पण घराघरात माहीत असलेली बाई. आत्या आणि ती एकाच कंपनीत होत्या. दौऱ्यांवर दोन वर्षं दोघींची एकच खोली होती. हे आत्याने आम्हाला हजारदा सांगितलं होतं. पुस्तक येणार अशी बातमी ऐकल्यापासून ती ज्याला त्याला सांगत सुटली, की त्यात माझ्यावर प्रकरण असणार. डॉक्टरांना सांगितलं, इमारतीतल्या बायकांना सांगितलं. मी ऑनलाइन मागवलं. कुरिअरवाल्याने आणून दिलं तेव्हा आत्याने ते नाकाशी धरलं, मग मांडीवर ठेवून दोन्ही हात वर ठेवले.

या वेळी तिने शेवटचं प्रकरण वाचायला सांगितलं नाही. म्हणाली, सुरुवातीपासून वाच.

तीन शनिवार मी वाचलं. बालपण, गरिबी, पहिली भूमिका. आत्या नुसती ऐकत होती, एकदाही ‘खोटं’ म्हणाली नाही. चौथ्या शनिवारी कंपनीचे दौरे सुरू झाले. एक पान उलटलं आणि पुढचा परिच्छेद माझ्या डोळ्यांनी आधीच वाचला. मी थांबले.

आत्या म्हणाली, “थांबू नकोस. वाच.”

मी वाचलं. त्यात लिहिलं होतं की आमच्या कंपनीत एक मुलगी होती, नाव आता आठवत नाही. दिसायला बरी, पण रंगमंचावर लाकूड. एका प्रयोगात तिची वाक्यं गेली आणि भर प्रवेशात तिला उभ्या उभ्या लघवी झाली. पहिल्या रांगेतल्या लोकांना कळलं. मी कसाबसा प्रवेश सावरून नेला. पुढे दौराभर आम्ही तिला ‘नळ’ म्हणायचो. बिचारी नंतर दिसली नाही.

एवढंच. पुढचा परिच्छेद नाशिकच्या थंडीवर होता.

आत्याचे हात मांडीवर तसेच होते. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, हातात ओलं फडकं. ती कधी येऊन उभी राहिली मला कळलं नव्हतं. ती अगदी हळू, पण तिच्या स्वतःच्या बोलीत म्हणाली, “परत वाच ना ता.”

मी पुस्तक मिटलं. चहा झाला, मी बदलापूरला परत आले. वाटलं, विषय संपला.

पुढच्या शनिवारी गेले तेव्हा दार लोटलेलंच होतं. आतून आईचा आवाज येत होता. मोठ्याने, एकेक अक्षर सोडवत, पहिलीतल्या मुलीसारखा. आत्या पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. समोर स्टुलावर आई, नाकावर बाबांचा जुना चष्मा, ओळीखाली बोट. “आ-म-च्या कंप-नीत एक मुल-गी होती.” परिच्छेद संपला. आईने पुस्तक बंद केलं, आत्याला पाण्याचा पेला दिला, औषधाची गोळी तळहातावर ठेवली आणि भाजी निवडायला गेली.

मी तिच्यामागे आत गेले आणि विचारलं, हे काय चाललंय. आई म्हणाली, तिला दिसत नाही ना, कोणी तरी वाचून दाखवायला नको का. रोज दुपारी जेवण झालं की वाचते. मी म्हटलं, पण तेवढंच? आई म्हणाली, मला तेवढंच येतं.

ती आत्याची सेवा चोख करायची, हे मला सांगितलं पाहिजे. वेळच्या वेळी इन्सुलिन, पथ्याचं जेवण, शुक्रवारी डोक्याला तेल, नखं कापणं. काही म्हणजे काही कमी नव्हतं. आणि रोज दुपारी तो परिच्छेद.

आत्याही काही कमी नव्हती. तिने एकदाही ‘थांब’ म्हटलं नाही. ती उच्चार सुधारायची. “परवेश नाही, प्रवेश. जीभ टाळूला लाव.” आई पुन्हा वाचायची. प्रवेश. दोन महिन्यांत आईला तो परिच्छेद अडखळल्याशिवाय वाचता यायला लागला. चार महिन्यांत ती विरामांसकट वाचायला लागली. ‘नळ’ या शब्दाआधी जरा थांबायची. ते थांबणं तिला आत्यानेच शिकवलं होतं. म्हणाली होती, टाळी घ्यायची तर शब्दाआधी श्वास घ्यावा.

एका शनिवारी आई खाली दूध आणायला गेली असताना आत्याने मला जवळ बोलावलं.

“ती मुलगी मी नव्हते,” ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. त्या अभिनेत्रीची ती पहिलीच मोठी भूमिका. पुढे कंपनीचा मालक बसलेला. प्रवेशात तिची वाक्यं गेली, ती थरथरायला लागली आणि तिच्या पायांशी ओलं झालं. आत्या थोरल्या सुनेच्या भूमिकेत, हातात पाण्याने भरलेला तांब्या. तिने तो तिथेच सांडला, सगळा, तिच्या पायांवर, आणि स्वतःच्याच मनाचं एक वाक्य टाकून प्रवेश पुढे ढकलला. लोकांना वाटलं थोरली सून वेंधळी आहे. मालकालाही तेच वाटलं. पुढच्या दौऱ्याला त्याने आत्याला घेतलं नाही. वेंधळी नटी म्हणून तिचा बोभाटा झाला आणि कामं थांबली.

मी विचारलं, मग हे कधी बोलली का नाहीस. आत्या म्हणाली, मैत्रीखातर केलं नव्हतं, प्रयोग बंद पडू नये म्हणून केलं. आणि सांगायचं तर तिने सांगायचं. “मला वाटलं, म्हातारी झाली की लिहील. सगळी लिहितात शेवटी.”

आई परत आली होती आणि दारात चपला काढत होती. तिने शेवटचं ऐकलं असणार, कारण दुधाची पिशवी ओट्यावर ठेवत तिने विचारलं, “ह्या कनच्या पुस्तकान लिवलाय?”

आत्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्या हिवाळ्यात बदलापूरला एका वाचनालयाच्या कार्यक्रमात त्या अभिनेत्रीची मुलाखत होती. आत्याने जायचा हट्ट धरला. तिने ठेवणीतलं रेशमी पातळ नेसलं. नेसवलं आईनेच, निऱ्या नीट जुळवून. आईही निघाली. मला वाटलं ती तमाशा बघायला येते आहे, आणि मला वाटलं ते बरोबरच होतं.

अभिनेत्री छान बोलली. लोक हसले, रडले. नंतर पुस्तकांवर सह्या घ्यायला रांग लागली. आम्ही तिघी पुढे पोचलो. आत्याने आपलं नाव सांगितलं. अभिनेत्रीने मान वर करून पाहिलं, मग दोन्ही हातांनी आत्याचा हात धरला आणि म्हणाली, किती वर्षांनी, अगं किती वाळलीस. मग जरा पुढे वाकून, पण मागच्या दोघा-चौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “वाचलंस ना? तुझं नाव नाही घातलं मी. म्हटलं, कशाला बिचारीची लाज काढायची.”

आत्या हसली. रंगमंचावर हसतात तशी. तिने हात सोडवून घेतला नाही.

“बरं केलंस,” ती म्हणाली. “एवढंच सांग, तांब्या कोणाच्या हातात होता?”

मी त्या बाईच्या अगदी जवळ उभी होते. तिचा चेहरा मला नीट दिसला. गालावरची पावडर तशीच राहिली, पण तिच्याखालचं सगळं एका क्षणात खाली उतरलं. तिने आत्याचा हात सोडला, पुस्तक ओढून त्यावर सही केली आणि वर न बघता शेजारच्या कार्यकर्त्याला सांगितलं की पुढचे घ्या, खूप लोक उभे आहेत.

आत्याला तो चेहरा दिसला नसणार. तिने रिक्षात मला विचारलं, कशी दिसली गं ती त्या वेळी? मी काही बोलायच्या आत आई बोलली. म्हणाली, “हसली. तिना काय आठवलाच नाय.”

आत्याने मान हलवली. मी आईकडे बघत होते. आई बाहेर बघत होती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी मुद्दाम दुपारी अंबरनाथला गेले, कारण मला वाटत होतं आता ते वाचन थांबेल. आईने त्या बाईचा चेहरा माझ्याइतकाच जवळून पाहिला होता. जेवणं झाली. आईने ताटं उचलली, हात धुतले, पदराला पुसले, चष्मा लावला आणि सही केलेलं पुस्तक उघडलं. “आमच्या कंपनीत एक मुलगी होती,” तिने सुरुवात केली, स्वच्छ, शुद्ध, एकही अक्षर न चुकता. आत्याने या वेळी काही सुधारलं नाही. सुधारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

नंतर मी आईला गॅलरीत गाठलं. म्हटलं, तुला माहीत आहे ना खरं काय ते.

“मना ठाव हाय,” आई म्हणाली. “मी पन अशी नव्हतू, जशी ती मना दाखवाची. ता पन सगल्यांना ठाव होता. तरी हसलं ना?”

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. वाळत घातलेले कपडे काढून ती आत गेली.

आत्या पुढचे सात-आठ महिने होती. त्यातले शेवटचे काही दिवस हॉस्पिटलमध्ये तिला शुद्ध नव्हती, तेव्हाही आई दुपारी स्टुलावर बसायची. मला नर्सने सांगितलं, तुमच्या आई किती प्रेमाने वाचून दाखवतात. आत्या गेली तेव्हा तिला आंघोळ आईनेच घातली, पातळ आईनेच नेसवलं. स्मशानातून आम्ही परतलो तेव्हा शेजारच्या बायका आईला धरून रडत होत्या, की नणंदेचं एवढं कोण करतं. आई त्यांना पाणी देत होती.

महिनाभराने मी सहज विचारलं, तुला वाईट नाही वाटत का. आई तेव्हा तांदूळ निवडत होती. तिने विचार केला. खरंच केला, खडे बाजूला करता करता, बराच वेळ. मग म्हणाली की झोप चांगली लागते आता, आणि मला विचारलं, दुपारी जेवून जातेस का.