गाठ मारलेला टॉवेल

साखर कारखान्यात वाफेचं काम झालं की तिचं पाणी होतं. ते उकळतं पाणी पंपाने पुन्हा बॉयलरकडे पाठवतात. तो पंप बिघडला तर उघडण्याआधी दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करायचे, आतलं पाणी काढून टाकायचं, आणि पंपाला हात लावता येईल इतका वेळ थांबायचं. आमच्याकडे आणखी एक रीत होती. बंद केलेल्या व्हॉल्व्हच्या चाकाला फिटर आपला टॉवेल गाठ मारून बांधायचा. ज्याने बांधला त्यानेच सोडायचा.

मी तिथे फोरमन होतो. ऐन गाळपात एका दुपारी पंपाने पाणी उचलणं सोडलं. फिटर खाली गेला. थोड्या वेळाने वरून ओरड सुरू झाली, पाणी तुंबलंय, लवकर करा. मी खाली उतरलो. चाकाला टॉवेल होता, फिटर दिसला नाही. तो पंपापलीकडे खाली बसलेला होता. गरम पाइपांवर लोक टॉवेल वाळतही घालायचे. हाही तसलाच, असं मी मनाशी म्हटलं. वाळत घातलेल्या टॉवेलला गाठ नसते. ती मी नखांनी सोडवली आणि चाक फिरवलं.

त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

चौकशीत मी सांगितलं, चाकाला काही बांधलेलं नव्हतं. टॉवेल तेव्हा पणदऱ्याला माझ्या घरी होता. फिटरला त्या दुपारचं काही आठवत नव्हतं. तो विसरला असं ठरलं, आणि तोही हो म्हणाला.

इतक्या वर्षांनी, परवा, मी आधी कारखान्यात जाऊन खरं सांगितलं. ऐकणारे सगळे नवे होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग इंदापूरपर्यंत एसटीने आणि पुढे वडापच्या जीपने बावड्याला फिटरच्या घरी गेलो. वाटेत काही वाटलं नाही.

त्याची बायको चहा टाकायला आत गेली. तो तिच्यामागे गेला, परत आला, पुन्हा गेला.

"गॅस बघत्यात," ती आतून म्हणाली. "कुलूपबी चार येळा वडून बघायचं. शेतातल्या मोटरीला तर हातच लावत न्हाईत."

"न्हाय लावत," तो बाहेर येत हसला. "माझ्या डोक्याचा भरवसा न्हाय, तात्या. टॉवेल बांधायचा इसरलेला माणूस मी."

मी पिशवीतून टॉवेल काढून त्याच्यापुढे ठेवला.

"तू बांधला होतास. मी सोडला. चौकशीत खोटं बोललो."

टॉवेलच्या कोपऱ्यात त्याच्या बायकोने घातलेली लाल दोऱ्याची खूण होती. नीट न वळणाऱ्या बोटांनी त्याने ती चाचपली. तो शिव्या देईल असं मला वाटलं.

"गाठ हुती?"

"होती. घट्ट होती."

तो आत वळून म्हणाला, "अगं, ऐकलंस का? मी बांधला हुता."

ती दारात आली. टॉवेल पाहिला, मला पाहिलं. चहा आत उकळत राहिला. तो उठला, पायात चपला घातल्या आणि मोटर लावायला शेताकडे निघाला. गॅस बघायला आत गेला नाही.