साडूंच्या मीटरचा काटा

आमच्या साडूंइतका लोखंडाला भिणारा माणूस अख्ख्या संगमनेरात सापडायचा नाही. नव्वदीच्या दशकात ते तिथल्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचे आणि पीएच.डी.साठी कॅडमियम सल्फाइडचे डोळ्यांना न दिसणारे कण बनवायचे. त्या कणांच्या थरातून वीज सोडायची, शेजारचं विद्युतचुंबक चालू करायचं आणि मीटरचा काटा हलतो का पाहायचं, हाच त्यांचा संसार. आत नेमकं होतं काय, असं मी एकदा चुकून विचारलं. “माळावर खुंट्याला बांधलेला बैल गोल फिरतो का न्हाई? चुंबकापुढं इलेक्ट्रॉन तसाच. पन हितं गोठाच लई बारीक हाय वो, साडूबुवा, वळायला जागा न्हाई!” मूळचे पाथर्डीकडचे, रंगात आले की गावचं बोलत. मी बँकेत दिवसभर मान मोडून घरी यावं, तर हे आपला बैल घेऊन ओट्यावर हजर. प्रयोगशाळेत शिरताना माझ्या किल्ल्या, पट्टा, घड्याळ, खिळे मारलेल्या चपला, सगळं दाराबाहेर. मेहुणीच्या पदराची पिनसुद्धा यातून सुटली नाही. एका हाताने पँट सावरत मी काटा पाहायचो. चुंबक चालू केलं की तो हलायचा मात्र दरवेळी.

यात वर्षं गेली. अखेर पुण्याहून त्यांचे गाइड आले, काटा पाहून खूश झाले, “आता प्रबंध लिहायला घ्या,” म्हणाले. मेहुणीने भेळ आणली. आमच्याकडे पाहुणा कोरड्या तोंडी जात नाही. ताटल्यांना जागा करायला साडूंनी मीटर उचलून लांब खिडकीत ठेवला आणि मला दाखवायला चुंबक पुन्हा चालू केलं. काटा ढिम्म. मीटर जवळ आणला, हलला. कणांकडे जाणारी वायर काढली, तरी हलला! एवढी वर्षं चुंबक त्या जुन्या मीटरच्या पोटातलं लोखंडच ओढत होतं. सगळ्या गावाचं लोखंड उतरवलं आणि नेमकं तेवढंच आत राहिलं होतं.

गाइड पाठमोरे, भेळीत गुंग. मी खुणेनेच साडूंना म्हटलं, गप्प बसा हो. त्यांच्या पीएच.डी.ने आम्ही सगळेच थकलो होतो. साडूंनी चुंबक बंद केलं.

“सर, थांबा. माझं चुकलंय.”

गाइड भेळ अर्धीच ठेवून पुण्याला गेले.

पंधरवडाभर साडू फिरकले नाहीत, तेव्हा ओटा मला खायला उठला. मग एका संध्याकाळी आले, टेकले.

“मीटर लांब ठिवलाय आता.”

“हलला?”

“न्हाई अजून. पन आता हलला ना, तर खराच हलंल.”

मी उठलो, किल्ल्या ओट्यावर काढून ठेवल्या आणि त्यांच्याबरोबर निघालो.