धुआंधारपाशी बंद गाडी

एक अनोळखी माणूस आमच्या गाडीची खिडकी फोडून माझ्या चार वर्षांच्या मुलीला पाय धरून बाहेर ओढत होता. मी हातातली पाण्याची कळशी त्याच्या पाठीत घातली.

"दीदी, मारो मत! अंदर एक और हैं!"

आत माझ्या सासूबाई होत्या.

त्या माणसावर माझा सकाळपासूनच संशय होता. एकाहत्तरची लढाई थंडीत संपली होती, पण जबलपुरात जो तो दुसऱ्याला हेर समजून राहिला होता. माझे हे फौजेच्या कारखान्यात होते. तिथे काय बनतं, ते मलाही सांगत नसत. सासूबाई म्हणायच्या, "भाजीत मीठ कमी आहे, एवढं तरी सांग रे. का तेही सरकारी गुपित?"

यांनी लिलावातली मोडकी फौजी गाडी घेऊन स्वतः दुरुस्त केली होती. आत दोन खाटा, भांडी, कोळशाची शेगडी. होळी झाली आणि आम्ही फिरायला निघालो. आधी शहरातल्या बागा, मग नदीकाठी तिलवाऱ्याला मुक्काम, सकाळी धुआंधारचा धबधबा.

गाडी उभी केली, तोच तो माणूस आला. "फौज की गाड़ी है क्या, भैया? अंदर क्या है?" यांनी दार ओढून घेतलं. त्याने गाडीभोवती फेरी मारली, वाकून चाकं पाहिली. चाकं पाहायचं त्याला काय काम?

सासूबाईंचे गुडघे दुखत होते, मुलगी झोपली होती. त्या दोघी गाडीतच थांबल्या. हे म्हणाले, "आई, आतून कडी लाव. कोणी ठोकलं तरी उघडू नको."

"बरं बाबा. चहा टाकते मी. तुम्ही जा."

आम्ही धबधबा पाहून, कळशी भरून परतलो, तर तोच माणूस खिडकी फोडून पोरीला ओढत होता.

खिडक्यांवर अजून ब्लॅकआउटचा काळा कागद होता. लढाईत गाडी अंगणात असायची. आतला कंदील दिसला की वॉर्डन ओरडायचा, म्हणून यांनी खळ लावून कागद चिकटवला आणि दाराच्या फटींत चिंध्या ठोकल्या. लढाई संपल्यावर मी म्हटलं, "काढा आता ते." तर म्हणे, "काहून काढू? पुन्हा लागली तर?" उजेड बाहेर जाऊ नये म्हणून केलेलं काम. हवाही जात नव्हती. आणि आत शेगडी पेटलेली.

हे खिडकीतून आत शिरले, कडी काढली. सासूबाई खाटेखाली पडल्या होत्या. चहा आटून पातेलं करपलं होतं. दवाखान्यात सांगितलं, कोळशाचा वायू.

तो माणूस म्हणाला होता, "बच्ची रो रही थी, फिर आवाज़ बंद हो गई." असेल. पण रडणं ऐकू येण्याइतका दाराजवळ तो काहून उभा होता? नाव विचारायच्या आत निघून गेला. घरचे म्हणतात, देवमाणूस होता. मला अजून पटत नाही.

सासूबाई त्याच दुपारी गेल्या. मुलगी वाचली.